भोंग्यामागचा माणूस

कारंज्यातले सगळे धर्म दौलतकाकांनी पाठीमागून पाहिले. हे वाक्य माझं नाही, त्यांचंच. "तुमी महाराजाचं तोंड पाह्यता, मी पाठ पाह्यतो," ते म्हणायचे. "कोनाचा सदरा कधी भिजते ते मले बरोबर मालूम."

दौलतकाका म्हणजे आमचे माईकवाले. माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांचं साउंडचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही अर्धी. त्यांच्या दुकानाला नाव नव्हतं. बोर्डावर नुसता एक भोंगा रंगवलेला, आणि तोही पेंटरने असा काढलेला की लांबून धोतऱ्याचं फूल वाटावं. आता त्या दुकानाचं शटर बंदच असतं. काका अकोल्याला लेकीकडे राहायला गेले. सतरा वर्षांचा शेजार होता, त्यामुळे अजूनही सकाळी शटर वर करताना माझा कान पलीकडे जातो.

गावात सप्ताह असो, विहारात बुद्धपौर्णिमा असो, जैन मंदिरात प्रवचन असो की मशिदीमागच्या मैदानात जलसा असो, सगळ्यांच्या आधी पोहोचणार काका आणि सगळ्यांच्या शेवटी निघणारही काकाच. स्टेजच्या मागे ॲम्प्लिफायर, त्याच्या शेजारी पालथ्या क्रेटवर ते, कानावर टेस्टर खोचलेला. कंटाळलेला भाविक चप्पल शोधायच्या निमित्ताने बाहेर सटकू शकतो, माईकवाल्याला ती सोय नाही. त्यामुळे धर्म या विषयावर एवढं सलग ऐकलेला दुसरा माणूस आमच्या तालुक्यात तरी नसावा.

ऐकून ऐकून त्यांनी बोलणाऱ्यांची परीक्षा ठरवून टाकली होती. जो माईकवर टकटक करून बघतो तो नापास. "त्याचा माह्यावर भरोसा नाही. ज्याचा माईकवाल्यावर भरोसा नाही, त्याचा देवावर काय राहीन?" जो बोलणं संपल्यावर माईक खाली ठेवण्याआधी वळून बघतो, कोणी घ्यायला उभं आहे का, तो पास. अशा पास झालेल्यांची संख्या सगळ्या धर्मांत मिळून एका हाताच्या बोटांत संपायची. पंगतीत मात्र काकांनी कधी भेदभाव केला नाही. महाप्रसादाची बुंदी, विहारातली खीर, ईदचा शीरखुर्मा, सूर्य मावळायच्या आत उरकलेलं जैनांचं जेवण, सगळीकडे ताट भरून घ्यायचे. पण आधी वायर गुंडाळायची, मग जेवायचं. पंगत उठून जाईल म्हणून कोणी हाका मारल्या तरी ते वायरचं शेवटचं वेटोळं पुरं करूनच हात धुवायचे.

वायरच्या बाबतीत हा माणूस छळवादी होता. जोडावर काळी टेप तीन पदर, वरून पुन्हा तीन पदर. दुसऱ्या कोणाला जोडाला हात लावू द्यायचे नाहीत. लोखंडी खांबाला वायर बांधायची नाही म्हणजे नाही, लाकडी बल्ली मागवा, नाहीतर दुसरा माईकवाला बघा. लोक हसायचे. खिशात टेपची दोन भेंडोळी कायम असायची, लेकीच्या लग्नातल्या नव्या सफारीतसुद्धा. मीही चिडवायची, "काका, आहेर म्हणून टेपच द्यायची का?" ते हसायचे नाहीत. हे मला त्या वेळी खटकायला हवं होतं. नाही खटकलं.

आणि एक होता त्यांचा प्रश्न. कार्यक्रम संपला, माईक बंद झाला, गर्दी पांगली, की ते बोलणाऱ्याजवळ जायचे आणि विचारायचे, "महाराज, एका मानसाच्या हातून चूक झाली. जानूनबुजून नाही. पन त्यानं ते कोनाले सांगतलंच नाही. त त्याची सुटका कशी?" कीर्तनकार असो, भंते असो, पंडितजी असोत, प्रश्न तोच. मला वाटायचं, कोणाला नाणी गोळा करायचा छंद असतो, यांना उत्तरं गोळा करायचा.

पण गोळा करून ते थांबत नसत. उत्तर मिळालं की ते पाळून बघायचे. एका सप्ताहाच्या महाराजांनी नामस्मरण सांगितलं, तर महिनाभर वायर गुंडाळताना तोंडाने नाम चालू. एका चातुर्मासात कांदा, लसूण, बटाटा बंद. एका वर्षी चक्क पूर्ण रोजे धरले. मे महिन्याचं ऊन, डोक्यावर भोंगे, आणि घोटभर पाणी नाही. इंदूकाकू, म्हणजे त्यांची बायको, भाजीची पिशवी घेऊन माझ्या दुकानात टेकायची आणि म्हणायची, "सुलभा, या मानसाचा धरम महिन्याले बदलते वं. मी भाजी कोनती घेऊ सांग मले."

घर बौद्धांचं. रोज सकाळी त्रिशरण व्हायचं, काका कितीही दमलेले असले तरी. विहाराच्या कमिटीतल्या एकाने त्यांना टोकलं होतं, आपला धम्म सोडून हे काय चालवलंय म्हणून. काका शांतपणे म्हणाले, "सोडलं कुठं? आपल्याइथंच शिकवलं ना, तपासल्याबिगर मानू नका. मी तपासून राह्यलो." पुढच्या पौर्णिमेला टोकणाऱ्याने दुसरा माईकवाला आणला, त्याचा माईक ऐन वंदनेत शिटी मारायला लागला, तेव्हा काकाच शेवटच्या रांगेतून उठून नीट करायला गेले.

एकदा ते दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला गेले. तिथे बोलायचं नाही, बघायचं नाही, नुसता श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी परत. मी विचारलं, काय झालं?

"तिथं सारं बंद, सुलू. मंग आतला भोंगा चालू झाला. त्याचं बटन सापडेना."

मी खूप हसले. तेही हसले, पण नंतर दिवसभर दुकानात पाठमोरे बसून राहिले.

तिथल्या भंतेंनाही त्यांनी प्रश्न विचारलाच होता. उत्तर मात्र मला सांगितलं नाही, ते वर्षभराने कळलं. भंते म्हणाले होते, हेतू नव्हता तर ते कर्म हलकं आहे. पण नंतर गप्प राहिलात, तो मात्र हेतूच होता.

जैनांच्या क्षमावाणीच्या दिवशी तर मला त्यांचं वागणं फारच विचित्र वाटलं. त्या दिवशी जो तो भेटेल त्याच्यापुढे हात जोडून म्हणतो, काही चुकलं असेल तर क्षमा करा. काकांना ही पद्धत एवढी आवडली की माईकचं काम आटोपून ते भर बाजारपेठेत दारोदार फिरले. भाजीवाली, सलूनवाला, पोस्टमन, मी, सगळ्यांपुढे हात जोडले. सलूनवाल्याला वाटलं काकांना मोठा आजार निघालाय. तो रडायच्या बेताला आला. संध्याकाळी काका माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "पुऱ्या गावाले मागतली. जिले मागाची तिले सोडून."

"कोणाला?"

"काही नाही. चहा सांग."

मी चहा सांगितला. दुसऱ्याच्या दुखण्यात बोट घालू नये, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर मला झेरॉक्सची घाई होती.

शेवटी त्यांना धक्का दिला तो मशिदीमागच्या जलशातल्या म्हाताऱ्या मौलानांनी. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी त्यांच्याच आवाजात ऐकवलं. "देखो दौलतभाई, अल्लाह का हक अल्लाह माफ करेगा, वो मालिक है. मगर बंदे का हक बंदे के पास रहता है. उसके दरवाजे पे जाना पडेगा. दूसरा रास्ता नहीं." आणि मग मौलानांनी विचारलं होतं, "वो एक आदमी, आप ही हो ना?"

काका त्या जलशातून न जेवता निघाले. बिर्याणी सोडून. सकाळी माझं शटर अर्धं वर होतं तेव्हाच आत आले, स्टुलावर बसले आणि एका दमात सांगून मोकळे झाले.

बावीस वर्षांपूर्वी मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर देवीचा कार्यक्रम होता. एका घरातून लाईन घेतली होती, वायर मांडवाच्या लोखंडी खांबाला बांधून आणली होती. मधे एक जोड होता आणि टेप संपलेली. दुकान वीस कोस लांब नव्हतं, मानोऱ्यात मिळाली असती. पण भजन सुरू व्हायचं होतं, लोक घाई करत होते. काकांनी जोडावर प्लास्टिकची पन्नी गुंडाळली, वर रबर लावलं. भुरभुर पाऊस आला. एका नऊ वर्षांच्या पोरीने तो खांब धरला.

"मी बटन बंद केलं म्हनून वाचली. पन उजवा हात गेला समज. दोन बोटं वाकडी ती वाकडीच. लोकं म्हने देवीचा कोप झाला. मी जोड काढून खिशात टाकला, अन् चूप राह्यलो." मग म्हणाले, "मले तवा बरंच वाटलं सुलू. देवीवर गेलं म्हनून."

मला एकदम ती सफारीच्या खिशातली टेप आठवली. मानोऱ्याकडची एकही ऑर्डर ते का घेत नाहीत, तेही कळलं. पोरीची खबर मात्र ठेवून होते. एसटीचे कंडक्टर, बाजारात येणारे लोक, सगळ्यांकडून ऐकलेलं: ललिता नाव, बारावी झाली, अंगणवाडीत सेविका आहे, डाव्या हाताने लिहिते.

"चला," मी म्हटलं. "माझी स्कूटी आहे."

त्यांना वाटलं नव्हतं मी असं म्हणेन. मलाही वाटलं नव्हतं.

कारंज्याहून मानोरा काही फार लांब नाही, पण काकांनी तो रस्ता काशीयात्रेएवढा केला. आधी चहा. मग मागच्या चाकात हवा कमी वाटते. मग मोकळं व्हायचंय. धनजच्या एका ओळखीच्याची आठवण निघाली, तो आजारी होता म्हणे, आधी तिकडे जाऊन येऊ का? धनज कुठे आणि मानोरा कुठे! मी स्कूटी थांबवून म्हटलं, "काका, उतरायचं असेल तर आत्ता उतरा. एसटी येते मागून." त्यांनी मागची कडी घट्ट धरली, ती तांडा येईपर्यंत.

ललिता आणि तिची आई शेवंताबाई अंगणातच होत्या. आई सुपात तूर पाखडत होती, मुलगी रजिस्टरमध्ये काहीतरी भरत होती, डाव्या हाताने. आम्हाला बसायला खाट दिली, पाणी दिलं. काका खाटेवर बसले नाहीत. जमिनीवरच बसले आणि त्यांनी मला जसं सांगितलं होतं तसंच सांगितलं. पन्नीसकट, रबरासकट. काही गाळलं नाही.

ललिता पहिल्यांदा बोलली. "करंट होता हे त मले मालूमच होतं जी. शाळा शिकली मी." आवाजात राग नव्हता, थोडं नवल होतं. "पन तुमी आले, हे नवीन आहे."

शेवंताबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं. पिकलेली बाई, कपाळावर गोंदण, डोळे बारीक करून काकांकडे बघत होती.

"म्हंजे बकऱ्यापायी नाही झालं?"

"कोनता बकरा, बाई?" काकांना काही कळेना.

मग ललिताने सांगितलं. त्या वर्षी आईने देवीला बकरा बोलला होता. धाकट्याला कावीळ झाली म्हणून तो बकरा विकावा लागला. आणि त्याच कार्यक्रमात पोरीचा हात गेला. तांड्यातल्या बायांनी हिशेब तिथेच लावून टाकला: नवसाचा बकरा विकला, देवीने पोरीचा हात घेतला. "मी हजार खेपा समजावलं याडीले, तो करंट होता," ललिता म्हणाली. आईला ती याडी म्हणायची, बंजाऱ्यांत म्हणतात तसं. "तर म्हने करंट बी तिच्याच हुकमानं येते. तवापासून देवीपुढं गेली नाही. देवीले भोग लागला का ही घरात दार लावून बसते. माह्या लग्नात बी नाही गेली पाया पडाले."

काकांचं तोंड मी पाहिलं. चूक एका पोरीच्या हाताएवढी आहे असं ते बावीस वर्षं समजत होते. ती त्याहून मोठी होती, आणि जिच्या वाट्याला आली ती त्यांना माहीतच नव्हती. मला रडू आलं. खोटं कशाला सांगू.

शेवंताबाई मात्र रडली नाही. तिने सूप बाजूला आपटलं, तूर अंगणभर झाली.

"बावीस वर्सं! बावीस वर्सं मी माह्या देवीमायले तोंड दाखवलं नाही, अन् तू कुठं होता रे? कुठं होता तू?"

"कारंज्यालेच होतो, बाई."

एवढं खरं आणि एवढं निरुपयोगी उत्तर मी दुसरं ऐकलेलं नाही. काका तिच्या पायांकडे वाकले. तिने पाय झटक्याने मागे घेतले. "मले नको. हात हिचा आहे. हिले माग."

ते ललिताकडे वळले आणि हात जोडले. हजारो माणसांपर्यंत दुसऱ्यांचे आवाज पोहोचवलेल्या माणसाचे ओठ नुसते हलत होते. ललिताने आपला तो वाकड्या बोटांचा हात त्यांच्या जोडलेल्या हातांवर ठेवला. "राहू द्या जी," ती म्हणाली. "या हातानं मी पोळ्या लाटतो, लेकरं उचलतो. चालते माह्यं. पन याडीचं काय ते पाहा."

शेवंताबाई उठून उभी राहिली होती. डोक्यावरची ओढणी ओढून घेत म्हणाली, "चाल."

"कुठं?"

"देवीपुढं. मले सांगतलं ते तिले सांग. आळ तिच्यावर घातला तू."

काका उभे राहिले खरे, पण जागचे हलेनात. मला माहीत होतं का. सगळं ऐकलं, उपास केले, रोजे धरले, पण देवीदेवतांपुढे ते कधी झुकले नव्हते. त्यांच्या वडलांनी तो रस्ता सोडला होता, आणि का सोडला ते काकांना पक्कं ठाऊक होतं.

"बाई," ते हळूच म्हणाले, "राग मानू नका. आमी देव मानत नाही."

"त नको मानू," शेवंताबाई म्हणाली. "माफी मागाले मानावं थोडंच लागते? आळ त घातला ना?"

एवढ्या वर्षांत एवढ्या महाराजांनी, पंडितांनी, भंतेंनी काकांना उत्तरं दिली. पण त्यांना देवीच्या वाटेला लावलं ते या बाईच्या प्रश्नाने. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ते तिच्या मागून निघाले, आणि त्यांच्यामागून ललिता आणि मी.

तांड्याच्या टोकाला लिंबाखाली ओटा होता, वर शेंदूर लावलेली देवी आणि दोन झेंडे. भर दुपार, आजूबाजूला कोणी नाही, दोन शेळ्या तेवढ्या लिंबाच्या सावलीत. शेवंताबाई दहा पावलं अलीकडेच थांबली. तिच्या पायांना पुढचा रस्ता माहीत नसल्यासारखी. "जा," ती काकांना म्हणाली.

काका पुढे गेले. चपला काढल्या. हात जोडले नाहीत, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे दोन्ही बाजूंना सरळ सोडले. काहीतरी पुटपुटले.

"जोरानं सांग," मागून शेवंताबाई.

काकांनी घसा साफ केला. "बाई," त्यांनी सुरुवात केली. अनोळखी घरच्या कर्त्या बाईला म्हणतात तसं त्यांनी देवीला बाई म्हटलं. "चूक माही होती. वायर माही, जोड माहा. लोकं तुमचं नाव घेऊन राह्यले होते, अन् मी घेऊ देलं. तुमचा काही संबंध नव्हता. अन् हिच्या बकऱ्याचा बी नव्हता." आणि शेवटी, "तुमचं काही चुकलं नाही," असंही म्हणाले.

ते बाजूला झाले. चपला न घालताच लिंबाच्या मुळाशी बसले, आणि बसले ते असे की मला वाटलं आता यांना उठवायला दोन माणसं लागतील. पण चेहरा मोकळा होता. सतरा वर्षांत तो तसा मी पाहिला नव्हता.

शेवंताबाई अजून तिथेच उभी होती. ललिता पुढे व्हायला लागली तसा मीच तिचा हात धरला. म्हातारी एक पाऊल गेली, थांबली, ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं, ती डोक्यावर नीट केली, लांबच्या गावाहून माहेरी आलेली बाई दाराशी करते तशी. मग उरलेली पावलं भराभर चालून गेली आणि ओट्यावर तिने कपाळ टेकलं.

"आली मी, याडी," ती म्हणाली.